ब्रेकबाईंचं सरकारमान्य भांडण

ब्रेकबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्या गाडी शिकवायच्या. शिकणारा स्टिअरिंगवर आणि त्या शेजारच्या सीटवर. समोर खड्डा आला, कुत्रं आलं, किंवा नुसता वाईट विचार शिकणाऱ्याच्या मनात आला, की त्या अशा काही "ब्रेक!" म्हणून ओरडायच्या की आपली गाडी तर थांबायचीच, मागची थांबायची, समोरून येणारीही थांबायची. एकदा तर रस्त्याकडेच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या गालावर चाललेला वस्तरा जागच्या जागी थांबला होता म्हणतात. तेव्हापासून अख्ख्या भागात त्या ब्रेकबाई.

एकोणीस वर्षांच्या असताना त्या एका बेकरीत हिशेब लिहायला होत्या. एका पहाटे पावाची गाडी नेणारा ड्रायव्हर तापाने फणफणला. पाव तयार, गाडी तयार, माणूस नाही. ही पोरगी उठली, किल्ली घेतली आणि गाडी घेऊन गेली. बेकरीवाला दारात डोकं धरून बसला. ती परत आली तेव्हा ट्रे सगळे रिकामे होते आणि गाडीला ओरखडा नव्हता. "कुठे शिकलीस?" त्याने विचारलं. "बघून," ती म्हणाली. पुढे तिने स्वतःची जुनी गाडी घेतली, दोन्हीकडे ब्रेक आणि क्लच बसवून घेतले आणि शिकवणी सुरू केली. जे लोक तेव्हा "बाई काय गाडी शिकवणार?" म्हणून हसले, त्यांनी आधी मुली पाठवल्या, मग सुना पाठवल्या, आणि शेवटी कोणाला कळणार नाही अशा बेताने स्वतः आले.

अशा या बाईंना जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची. भाडं मागण्याची.

ट्रकवाल्याला काच खाली करायला लावून चार शब्द सुनावणाऱ्या बाई, पण भाडं मागायला जिना चढल्या की पहिल्या पायरीला आवाज बसायचा, मधल्या पायरीला विषय बदलायचा, आणि वरच्या पायरीला पोचेपर्यंत त्या "नळ बरा चालतोय ना?" एवढंच विचारण्याच्या तयारीत असायच्या.

घर दोघी बहिणींचं. थोरल्या ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. लग्न दोघींनीही केलं नाही. धाकटीला वेळ नव्हता, आणि थोरलीने नोकरीत इतक्या नवरा-बायकोंची बोलणी जोडून दिली होती की तिची हौस परस्पर फिटली होती. ताईंचा फंड आणि ब्रेकबाईंची बचत एकत्र करून दोघींनी वर दोन खोल्या आणि गच्ची चढवली. म्हातारपणी हात पसरायला नको, भाड्यावर दोन जीव आरामात जगतील, असा हिशेब. घर पाहावं बांधून म्हणतात ते खरं, पण ज्याने ही म्हण केली त्याने भाडेकरू ठेवला नसावा. नाहीतर म्हण आणखी लांबली असती.

वर खोल्या झाल्याबरोबर पालिकेचा माणूस येऊन बघून गेला आणि घरपट्टी वाढली. भाडेकरू आल्यावर कळलं, की स्वतः राहिलं तर एक दर आणि भाड्याने दिलं तर दुसरा. पाणीपट्टीचंही तेच. पहिलं भाडेकरू कुटुंब दोन वर्षं गुण्यागोविंदाने राहिलं आणि जाताना बल्ब, पडद्याचे गज आणि न्हाणीघराचा नळसुद्धा घेऊन गेलं. दुसरे एक बँकेतले साहेब होते. त्यांची तक्रार अशी, की जिना चढायला लागतो.

"अहो, वरचा मजला आहे," ताई म्हणाल्या.

"ते मला कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले.

ते गेले आणि आवाजवाला आला.

पस्तिशीचा, किडकिडीत, केस विस्कटलेले. परदेशी सिनेमे आणि कार्टूनं आपल्या भाषेत करतात ना, त्यांना आवाज देण्याचं त्याचं काम. सिंह, चेटकीण, बोलणारी किटली, दुष्ट सरदार, सरदाराचा घोडा, सगळे एकट्याच्या गळ्यात मुक्कामाला. खोल्या बघायला आला तेव्हा त्याने वाकून विचारलं, "मावशी, बूट काढू का?" झालं! त्या 'मावशी'ने बाईंचा निकाल लावला. मावशी म्हणणाऱ्याकडे भाडं मागायचं कसं?

सुरुवातीला मागावं लागलंच नाही. महिन्याच्या महिन्याला पाकीट यायचं, तेही कधी सिंहाच्या आवाजात तर कधी किटलीच्या. मग त्याचा स्टुडिओ बंद पडला. मालकाने एका सकाळी कुलूप लावलं आणि कामगारांचे राहिलेले पैसे तसेच ठेवून तो निघून गेला. आवाजवाला गल्लोगल्ली काम शोधत फिरला. इकडे एखादी जाहिरात, तिकडे एखादी घोषणा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाकीट बंद झालं.

आणि फोन सुरू झाले.

पहिला फोन त्याच्या 'ऑफिसमधल्या मॅनेजर'चा. भरदार आवाज. "आमच्याकडून त्यांचं पेमेंट जरा लांबलंय, तरी सांभाळून घ्यावं." दुसरा फोन 'मामां'चा. खर्जातला, थोडा खोकत, मायाळू. "ताई, आमचा भाचा मनाने वाईट नाही हो. पण या महिन्यात तुमच्यासमोर यायला त्याला तोंड नाही." फोन ब्रेकबाईंनी घेतला होता, पण शेजारी बसलेल्या ताईंनी कान पुढे केला, डोळे मिटले आणि फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तोच आहे."

"कोण तोच?"

"मॅनेजर, मामा आणि वरचा. तिघे एकाच नाकाने श्वास घेतात."

आता तुम्ही म्हणाल, दोघींनी वर जाऊन त्याचा कान पिळला असेल. तसं काही झालं नाही. कारण मामा हा माणूस मोठा गोड होता. तो ताईंच्या गुडघ्याची चौकशी करायचा. ब्रेकबाईंच्या नव्या शिकणाऱ्यांच्या गमती ऐकून खोऽखोऽ हसायचा. ब्रेकबाई त्याच्याकडे भाच्याची रीतसर तक्रार करायच्या, आणि तो इतक्या जोरात भाच्याला झापायचा की ते झापणं फोनमधून एकदा आणि छतातून एकदा असं दोनदा ऐकू यायचं. मग बाईंनाच दया यायची. "जाऊ द्या हो मामा, एवढं नका बोलू पोराला."

"तुझं डोकं फिरलंय," ताई म्हणायच्या.

"अगं, तो मला मावशी म्हणतो. म्हणजे त्याचा मामा नात्याने आपला भाऊच झाला की नाही?"

असं करता करता वर्ष उलटलं.

मग कर खात्याचं पत्र आलं. बाईंनी त्या वर्षाच्या विवरणपत्रात वरच्या खोल्यांचं उत्पन्न काहीच दाखवलं नव्हतं, कारण काही मिळालंच नव्हतं. खात्याचं म्हणणं असं, की भाडेकरार आहे, करारात भाड्याचा आकडा आहे, भाडेकरू वर राहतोय, त्याचे कपडे गच्चीवर वाळताहेत. तेव्हा त्या आकड्यावर कर भरा. वर दंड आणि व्याज.

बाई पत्र घेऊन करसल्लागाराकडे गेल्या. हा सल्लागार त्यांचाच जुना विद्यार्थी. आता केस पांढरे झाले होते, ऑफिस मोठं होतं, पण बाईंचा आवाज चढला की टेबलाखाली त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

"न मिळालेल्या पैशावर कर?" बाई ओरडल्या.

टेबलाखाली पाय दाबला गेला. "बाई, सूट आहे," तो घाईघाईने म्हणाला. "भाडं खरंच बुडालं असेल तर सूट मिळते. पण दाखवावं लागतं, की तुम्ही वसूल करायचा प्रयत्न केलात. नोटीस दिलीत, खोल्या रिकाम्या करायला सांगितलंत, भांडलात. भांडलात ना?"

"नाही."

"एकदाही?"

"मी त्याच्या मामांशी बोलते."

सल्लागाराने चष्मा काढला आणि पुसला. "मग पंचाईत आहे. खात्याने शेजारीपाजारी चौकशी केलीय. सगळे म्हणतात वर बाईंचा भाचा राहतो. नातेवाइकाला फुकट ठेवायचं आणि भाडं बुडालं म्हणून सांगायचं, असे खूप लोक करतात. म्हणून खात्याचे साहेब स्वतः बघायला येणार आहेत."

"म्हणजे मी खोटं भांडायचं?"

"खोटं काही करायचं नाही. भाडं खरंच थकलंय ना? मग राग यायला हरकत काय?"

"येत नाही मला राग."

"आणा," सल्लागार म्हणाला.

बाई घरी आल्या आणि तडक जिना चढल्या. राग आणायचा होता, पण वर दार उघडलं तेव्हा आवाजवाला खिडकीपाशी बसून शर्टाला बटण लावत होता, आणि सुई बोटात घुसल्यावर चेटकिणीच्या आवाजात कळवळत होता. बाईंना हसू फुटलं. भांडण तिथेच मेलं. शेवटी त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पत्राची सगळी हकिकत सरळ सांगून टाकली.

त्याचा चेहरा पडत गेला. "म्हणजे मी देत नाही, आणि वर तुम्ही माझ्यापायी भरायचं?"

"तसं म्हण."

त्याने सुई-दोरा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मावशी, एक कबूल करायचंय. मामा आहेत ना, ते खरं म्हणजे—"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"ताईने पहिल्याच फोनला ओळखलं."

"आणि तरी तुम्ही त्यांच्याशी तासतासभर बोलत राहिलात?"

"माणूस चांगला आहे रे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. नोटीस लिहायचं काम त्यानेच अंगावर घेतलं, कारण बाईंनी लिहिलेल्या मसुद्याची सुरुवात 'बाळा, सवडीने' अशी होती. त्याने जी लिहिली तिची सुरुवात 'रे कृतघ्ना!' अशी झाली आणि शेवट 'तुझी धडगत नाही' असा. करसल्लागाराने लाल पेनाने त्यातलं बहुतेक सगळं खोडलं आणि 'थकलेलं भाडं भरा, अन्यथा खोल्या रिकाम्या करा' एवढंच ठेवलं. आवाजवाला हिरमुसला. पण पोस्टमन नोटीस घेऊन आला तेव्हा त्याने ती जिन्यात उभं राहून दुष्ट सरदाराच्या आवाजात मोठ्याने वाचली, आणि शेवटी घोड्यासारखा खिंकाळला. पोस्टमनने सही न घेताच खाली धाव घेतली. त्याला परत बोलवावं लागलं.

मग तालमी. साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी खालच्या खोलीत ताई साहेब म्हणून खुर्चीत बसल्या.

"भाडं..." ब्रेकबाई म्हणाल्या, "म्हणजे, जमलं तर..."

"मावशी, 'जमलं तर' काढा."

"भाडं दे. बाळ."

"'बाळ' पण काढा."

"मग उरतं काय?"

"असं करा. मी म्हणजे समोरचा खड्डा आहे, असं समजा."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं, डोळे बारीक केले, छाती भरून श्वास घेतला आणि सोडून दिला. "तू खड्डा नाहीस रे," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का?"

ताईंनी कपाळावर हात मारला.

साहेब आले. बारीक चणीचे, थकलेले, हातात बॅग, शर्टाच्या खिशाला पेनाच्या शाईचा डाग. खुर्चीत बसले, बॅग मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तर, हा तुमचा भाचा."

"भाचा नाही, भाडेकरू!" तिघंही एका सुरात म्हणाले. हे जरा जास्तच सुरात झालं. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

ब्रेकबाई उभ्या राहिल्या. घसा खाकरला. "हे पाहा... भाडेकरू. तुम्ही... फार... थकवलंय."

"थकवलंय तर थकवलंय!" आवाजवाला गरजला. "काय करणार आहात?"

"मी... नोटीस दिली आहे," बाई म्हणाल्या आणि पुढचं वाक्य विसरून ताईंकडे बघू लागल्या. ताई ओठांनी सांगत होत्या, 'खोल्या, खोल्या.'

"खोल्या," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळात बघितलं. आवाजवाल्याच्या लक्षात आलं, की गाडी चढावर बंद पडतेय. त्याने धक्का मारायला सुरुवात केली. जिन्याला नावं ठेवली, नळाला नावं ठेवली, गच्चीला ठेवली. बाई आपल्या मान हलवताहेत. उलट नळाच्या बाबतीत तर "हो, ते खरंय" म्हणाल्या. साहेब बॅग बंद करायला लागले. तेव्हा पोराने निकराचा घाव घातला. 

"आणि खरं सांगू का साहेब? यांना गाडीसुद्धा येत नाही. नुसता आरडाओरडा! मागे घ्यायची वेळ आली की दरदरून घाम फुटतो बाईंना. रिव्हर्स येत नाही त्यांना, रिव्हर्स!"

ताईंनी हळूच टेबलावरचे काचेचे ग्लास उचलून बाजूला ठेवले.

"काय म्हणालास?" ब्रेकबाई म्हणाल्या.

आवाजवाल्याने एक पाऊल मागे घेतलं. पण एव्हाना धरण फुटलं होतं.

"मला रिव्हर्स येत नाही? मला? अरे, तू लंगोटात होतास तेव्हा मी पावाची गाडी बोळातून उलटी काढत होते! वर्षभर राहतोस, भाडं देतोस का? सकाळी सिंह होऊन गुरगुरतोस, दुपारी म्हातारी होऊन रडतोस, माझे शिकणारे खाली गाडीत बसल्या बसल्या दचकतात! गच्ची गळली, कोणी बुजवली? मी! पंप जळला, कोणी दुरुस्त करून आणला? मी! घरपट्टी भाडेकरूपायी वाढली, पाणीपट्टी भाडेकरूपायी वाढली, आणि आता जे मिळालंच नाही त्याचा करही मीच भरू? वर्षभर गाडीचे टायर बदलले नाहीत मी! बटाट्यासारखे गुळगुळीत झालेत! त्या टायरवर लोकांच्या पोरी शिकवते मी, जीव मुठीत धरून, का? कारण मला मावशी म्हणतोस! मेल्या, मावशीला टायर लागत नाहीत? माझं भाडं दे! ऐकलंस? माझं! भाडं! दे!"

बाहेर गल्लीत चार दारं उघडली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आवाजवाला भिंतीला चिकटून उभा होता. त्याच्या गळ्यातल्या सिंहापासून किटलीपर्यंत एकालाही आवाज फुटेना. टायरांचं त्याला खरंच माहीत नव्हतं.

"बरं, मी नोंद घेतली," साहेब पुटपुटले आणि उठले.

"बसा!" बाई म्हणाल्या. साहेब बसले. "नाही, उठा! गाडीत बसा. हा म्हणतो मला रिव्हर्स येत नाही. तुम्ही चौकशीला आलात ना? मग होऊन जाऊ दे चौकशी."

"त्याचा कराशी काही संबंध—"

"बसा म्हणते ना!"

माणूस सरकारी असला तरी माणूसच. साहेब मागच्या सीटवर बॅग पोटाशी धरून बसले. त्यांच्या शेजारी ताई बसल्या, कारण वर्षभर हे प्रकरण नुसतं कानाने ऐकून त्यांना कंटाळा आला होता. आवाजवाला पुढे. बाईंनी एक हात त्याच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली, आणि गाडी निघाली. उलटी.

गल्ली निमुळती. एका बाजूला भाजीची गाडी, दुसऱ्या बाजूला उभ्या केलेल्या मोटरसायकली, मध्ये वाळत घातलेली गादी. बाईंनी गाडी या सगळ्यांमधून अशी मागे काढली, जशी सुई कापडातून निघते. न्हावी दारात आला. भाजीवाल्याने हातातला कोबी छातीशी धरला. कोपऱ्यावर वळताना बाईंनी साहेबांच्या डोक्यावरून मागे बघत विचारलं, "भाडं कधी देणार?"

"देतो मावशी!"

"कधी?" पुढचं वळण.

"काम मिळालं की!"

"काम कधी मिळणार?" आणखी एक वळण.

गाडी लायसन्सच्या चाचणीच्या मैदानात पोचली. तिथे जमिनीवर चुन्याने भलामोठा आठचा आकडा काढलेला असतो. शिकणारे तो पुढे जाऊन गिरवतात, तेही रडत. बाईंनी तो उलटा गिरवायला घेतला. धूळ उडाली. आभाळ एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायला लागलं. ताई एकदा साहेबांच्या अंगावर गेल्या, एकदा साहेब ताईंच्या अंगावर आले आणि दर वेळी "माफ करा" म्हणत राहिले. आवाजवाल्याच्या तोंडून आता घोडा, चेटकीण आणि सरदार पाळीपाळीने बाहेर पडत होते.

"मान्य!" साहेब डोळे घट्ट मिटून ओरडले. "बाई, सगळं मान्य! थकबाकी खरी, भांडण खरं, भाचा नाही! गाडी थांबवा!"

बाईंनी ब्रेक मारला. गाडी आकड्याच्या बरोबर मधोमध, जिथे दोन गोल एकमेकांना मिळतात, तिथे उभी राहिली.

धूळ खाली बसली. मग मागून एक बारीक आवाज आला, उंदीर कुरतडतो तसा. साहेब हसत होते. ते हसू त्यांना आवरेना. बॅग मांडीवरून खाली पडली, कागद सीटखाली गेले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांचं बघून ताई हसायला लागल्या, मग आवाजवाला, आणि शेवटी स्टिअरिंगवर डोकं टेकून ब्रेकबाई. चौघंही पोट धरून हसत होते, आणि कशाला हसतोय ते कोणालाच सांगता आलं नसतं.

"बाई," साहेब रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही आत्ता जे म्हणालात ना, 'माझं भाडं दे', ते कसं म्हणतात हो?"

"का?"

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. "माझी एक खोली आहे. वडिलांनी ठेवलेली. तिथे मेव्हणा राहतो. पाच वर्षं झाली. दिवसभर मी लोकांना विचारतो, भाडं वसूल का नाही केलं? आणि संध्याकाळी मेव्हण्याकडे जातो आणि 'तब्येत कशी आहे' विचारून परत येतो. शिवाय त्या न मिळालेल्या भाड्यावरचा कर मीच भरतो."

"अगंबाई!" ताई म्हणाल्या. "मग म्हणून बघा की आत्ता. इथे कोण ऐकतंय?"

"इथे?"

"काचा वर करा," ब्रेकबाईंनी फर्मावलं.

काचा वर झाल्या. साहेबांनी श्वास घेतला. "भाडं... दे."

"हे तर तुम्ही चहा मागताय," ताई म्हणाल्या.

"पोटातून काढा साहेब," आवाजवाल्याला राहवेना. धंद्याचीच गोष्ट होती. "घशातून नको. बेंबीपासून."

"भाडं दे!"

"मेव्हण्याला डोळ्यांसमोर आणा!"

"माझं भाडं दे! पाच वर्षं झाली रे, लाज वाट—" आणि पुढे साहेब जे बोलले ते त्यांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं, पण चौघांनाही बरं वाटलं. मैदानाच्या कडेला चाचणीसाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी एक बंद गाडी स्प्रिंगवर हेलकावे घेताना पाहिली. आतून काय ओरडलं जातंय ते काही त्यांना समजलं नाही.

साहेबांनी निकाल बाईंच्या बाजूने दिला. बुडालेल्या भाड्यावरचा कर माफ, दंड माफ. मात्र भाडेकरूने पुढे थकबाकी दिली तर ती त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवायची. "हे बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मिळालं तर द्यायला माझी ना नाही." मेव्हण्याचं काय झालं ते कळायला थोडे दिवस गेले. त्याने भाडं काही दिलं नाही, पण खोली सोडली, आणि जाताना साहेबांच्या बायकोला सांगून गेला की तुझ्या नवऱ्याच्या अंगात काहीतरी शिरलंय.

आवाजवाला दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली आला. दारात उभा राहून तो म्हणाला, "मावशी, मी खोल्या सोडतो." दोघी बहिणींनी चमकून वर बघितलं, कारण हा आवाज त्यांनी आधी कधी ऐकला नव्हता. बारीक, थोडा घोगरा, शब्दाशब्दाला अडखळणारा. ताई हळूच म्हणाल्या, "हा तुझा स्वतःचा होय?"

त्याने मान हलवली.

"चांगला आहे की," ताई म्हणाल्या.

"सोडून काय करणार?" ब्रेकबाईंनी विचारलं. "दुसऱ्या कोणाचं भाडं थकवणार? त्यापेक्षा गाडी शीक. शाळेच्या व्हॅनला ड्रायव्हर मिळत नाहीयेत. माझ्याकडे रोज कोणी ना कोणी विचारतं."

असा विद्यार्थी बाईंना जन्मात मिळाला नव्हता. स्वतःच्या अकलेने चालवायला लागला की क्लच सोडायला विसरायचा, क्लच आठवला तर रस्ता विसरायचा. शेवटी बाईंनीच युक्ती काढली. "तू म्हातारा कप्तान हो," त्या म्हणाल्या. "जहाज चालवतोयस असं समज." तो खर्जात बोलायला लागला, पाठ ताठ झाली आणि गाडी लोण्यासारखी चालायला लागली. पहिल्या चाचणीत नापास झाला, कारण परीक्षकाला "शिडं उतरवा!" म्हणाला. दुसऱ्या वेळी पास झाला. शाळेने व्हॅन दिली, पगार सुरू झाला, आणि पहिल्या महिन्यापासून भाडं येऊ लागलं. चालू महिन्याचं, आणि त्याच्यावर थोडं मागचं. टायर बदलले. बाई आता बिनदिक्कत जिन्याखाली उभ्या राहून "भाडं!" म्हणून हाक मारायच्या, आणि गल्लीतल्या इतर दोन घरमालकांनी आपलीही वसुली त्याच सुमाराला करायची पद्धत पाडली, कारण बाईंच्या हाकेने त्यांचेही भाडेकरू खडबडून पाकीट शोधायला लागायचे.

एके सकाळी बाई एका नवशिक्या मुलीला घेऊन मोठ्या चौकात सिग्नलला थांबल्या होत्या. शेजारी पिवळी व्हॅन येऊन उभी राहिली. आत पोरं खच्चून भरलेली, आणि सगळी खिडकीला नाक लावून शांत. ही गोष्टच नवलाची. स्टिअरिंगवर आवाजवाला बसला होता, आणि आतल्या सगळ्या पोरांना बोलणाऱ्या किटलीची काहीतरी गोष्ट सांगत होता. सिग्नल सुटला. गोष्ट ऐन रंगात आली असावी, कारण व्हॅन गचका खाऊन तिथेच बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. त्याने किल्ली फिरवली, पुन्हा बंद. पोरं एका आवाजात किंचाळली, "कप्तान! कप्तान!"

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चांगला खरपूस शब्द जिभेवर आला होता. पण त्याच वेळी व्हॅनमधला तो इतक्या घाबऱ्या, स्वतःच्या बारीक आवाजात "मावशी, क्लच कुठला हो?" म्हणाला, आणि बाईंना हसू आलं. आलं ते आलंच. त्या खाली उतरल्या, व्हॅनकडे जायला निघाल्या आणि रस्त्याच्या मधोमध पोट धरून उभ्या राहिल्या. त्यांना एक अक्षर बोलता येईना. नवशिकी मुलगी गाडीतून ओरडत होती, "बाई, आता मी काय करू?" हॉर्न वाजत होते, व्हॅनमधली पोरं हसणाऱ्या बाईंना बघून टाळ्या पिटत होती, आणि ब्रेकबाई एक हात वर करून अख्ख्या चौकाला थोडं थांबा म्हणून खुणावत होत्या.